आईची खोली रंगवायची आहे: उत्तरेची खिडकी, ओलीची भिंत आणि नीळ घातलेला चुना

अबोलीचा_गजरा | २८ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

आम्ही पुण्यात १९८६ साली बांधलेल्या इमारतीत राहतो. आईची खोली १० बाय १२ फुटांची, उंची साडेनऊ फूट. उत्तरेला ४ बाय ४ ची एकच खिडकी. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे तिचं बाथरूम, दारही त्याच भिंतीत. बाहेर पॅसेजमध्ये जायचं दार दक्षिणेच्या भिंतीच्या कोपऱ्यात. सगळ्या भिंती बदामी, चौकटीही बदामी. मागचा रंग नऊ वर्षांपूर्वीचा.

आई ७४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती पलंगावर बसून एकदा डावा डोळा झाकत होती, एकदा उजवा. मला हाक मारून म्हणाली, "अगं, या डोळ्याने भिंत चहासारखी दिसतेय आणि या डोळ्याने दुधासारखी. खरी कुठली?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून तिने एकच धरलंय: खोली निळी हवी. तिचं माहेर वाईचं. तिथे दिवाळीआधी आजोबा पिंपात चुनकळी भिजवायचे, त्यात नीळ घालायचे आणि घायपाताच्या कुंच्याने माजघर रंगवायचे. "तो निळा," एवढंच ती म्हणते. शेड कार्डावरच्या चाळीसएक निळ्यांवरून तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "यातला एकही नाही."

मला भीती अशी की उत्तरेच्या खोलीत निळा रंग उदास दिसेल. त्यात बाथरूमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत पोपडे आलेत. तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिथे 'वॉटरप्रूफ' पुट्टी भरून दिली होती, पुढच्या पावसाळ्यातच ती फुगून गळाली. दिवाळीच्या आत काम उरकायचं आहे. रंग कुठला घेऊ, भिंतीचं काय करू आणि खरंच निळा द्यावा का?

---

सांजदिवा_७ | २८ सप्टेंबर, रात्री १०:४०

तीन भिंती पांढऱ्या आणि एक निळी. काकूंचाही मान राहील आणि खोलीही मोठी दिसेल. आमच्याकडे असंच केलंय.

---

घोडी_आणि_ब्रश | २९ सप्टेंबर, सकाळी ६:५५

ताई, मी बावीस वर्षं रंगकाम करतो, आधी वडील करायचे. रंगाचं नंतर बोलू, आधी ती भिंत.

पोपड्याखाली पांढरी भुकटी आहे का बघा. बोटाला लागते, चव खारट असते. तो लोणा. भिंतीत कुठून तरी पाणी शिरतं, सिमेंटमधले आणि विटेतले क्षार विरघळवतं आणि पृष्ठभागावर येऊन वाळतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि स्फटिक होताना पुट्टीला मागून ढकलतात. वरून कितीही महागडा थर द्या, ढकलणारा आत आहे तोवर तो पडणारच. तुमच्या ठेकेदाराने पुट्टी वाईट वापरली असेल असं मी म्हणणार नाही. त्याने पाणी शोधलं नाही, ही चूक.

एक सोपी परीक्षा करा. पोपडे खरवडून हातभर जागा मोकळी करा. त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला दिसले तर खोलीतली दमट हवा तिथे थंड होतेय. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

बाथरूमच्या फरशीचे सांधे, नळाचे जोड आणि कमोडमागचा कोपरा प्लंबरकडून तपासून घ्या. गळती बंद झाल्यावर खराब गिलावा विटेपर्यंत काढायचा, भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, मग नवा गिलावा. नव्या गिलाव्यावर पाणी मारायचे दिवस धरून निदान २८ दिवस रंग नाही. म्हणजे दिवाळीचं विसरा. कोणी "आठ दिवसांत करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

---

अबोलीचा_गजरा | २९ सप्टेंबर, दुपारी १:२०

भाऊ, चव घेऊन पाहिली. खारट आहे. प्लास्टिक आज लावते. दिवाळी जाणार म्हणून जीव हळहळला, पण तुम्ही सांगितलेलं कारण पटलं.

---

चष्म्याचा_नंबर | २९ सप्टेंबर, रात्री ९:०५

मी डोळ्यांच्या दवाखान्यात दृष्टीतपासणी करते. तुमच्या आईने एकेक डोळा झाकून जे पाहिलं, ते आमच्याकडे पुष्कळ जण येऊन सांगतात. बहुतेकांना त्याचं भय वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वय वाढतं तशी डोळ्यातली नैसर्गिक भिंगं पिवळी, पुढे तपकिरी होत जातात. पिवळी काच निळा-जांभळा उजेड अडवते. हे इतकं हळूहळू होतं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि माणसाला काही बदललंय असं वाटतच नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि अडलेला निळा उजेड एकदम आत येतो. दोन डोळे शेजारी शेजारी तुलनेला मिळतात तेव्हाच फरक कळतो. दुधासारखी भिंत दिसली तोच डोळा आता भिंतीच्या रंगाजवळ आहे.

म्हणूनच माझं सांगणं, रंग आत्ता निवडू नका. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं असेल तर ते होऊ द्या. आज डाव्या डोळ्याला फिका निळा हा राखाडी किंवा हिरवट दिसत असणार. शेड कार्डावर त्यांना 'तो निळा' सापडला नाही, याचं अर्धं कारण हे असू शकतं. शिवाय ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ अजिबात नको, आणि पुट्टी घासताना उडते तशी धूळ तर घरातही नको. किती आठवडे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि चौकटींबद्दल. भिंत बदामी, चौकट बदामी, बाथरूमचं दारही त्यातलंच. त्यांचा खांदा किंवा हात चौकटीला लागतो का? साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. फिके रंग एकमेकांत मिसळून जातात आणि कडा हरवतात. प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो याचा शून्य ते शंभर असा अंक असतो, काही कंपन्या तो शेड कार्डामागे छापतात. इमारतींच्या ब्रिटिश मानकात दार आणि भिंत यांच्या या अंकांत निदान ३० चा फरक ठेवायला सांगितलंय. घरातही तेवढा ठेवा. भिंत फिकी असू दे, चौकट गडद हवी. स्विचबोर्डाचं झाकणही भिंतीहून वेगळं हवं.

---

अबोलीचा_गजरा | २९ सप्टेंबर, रात्री ११:३०

तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिच्या उजव्या दंडावर कायम एक निळसर डाग असतो. आम्ही समजत होतो, रक्त पातळ करायच्या गोळीमुळे असेल. तिने आज सांगितलं की रात्री बाथरूमला जाताना चौकट लागते. मला सांगितलं नाही, कारण "रोजचंच आहे".

दिवाळी रद्द. डावा डोळा आधी.

---

कातळफूल | ३० सप्टेंबर, सकाळी ११:१५

वाईच्या चुन्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्याचं, नव्वद वर्षांचं. चुन्याचाच गिलावा आणि दरवर्षी चुन्याचाच हात. मधे एका वर्षी आम्ही मुंबईकर भावंडांनी हौसेने सगळीकडे प्लॅस्टिक पेंट दिला. पहिल्या पावसातच भिंतींना फोड आले, पाण्याने भरलेले. टाचणी लावली की धार.

जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा थर त्याला सोडू देतो. प्लॅस्टिकचा पापुद्रा ती वाट बंद करतो. पुढचे दोन उन्हाळे तो रंग खरवडण्यात गेले. आता परत चुना आहे.

चुन्याची कृती हवी असेल तर आमची ही: चुनकळी आदल्या दिवशी पिंपात पाण्यावर सोडायची (पाणी आधी, कळी नंतर, आणि लांब उभं राहून, कारण ती खदखदते आणि अंगावर उडालेला थेंब भाजतो, डोळ्यात गेला तर डोळाच जातो). दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा, त्यात थोडा शिजवलेला सरस. मग नीळ. जुनी पुडीतली नीळ चुन्यात टिकते, कारण ती अल्ट्रामरीन. चुन्याच्या खारात बाकीचे पुष्कळ निळे उडून जातात. भिंत ओली करून हात मारायचा. मारताना काहीच दिसत नाही, पाणी फासल्यासारखं. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो आणि रंग हळूहळू वर येतो. म्हणून तो सपाट दिसत नाही. कुंच्याच्या फराट्यांत कुठे दाट, कुठे विरळ, ढगासारखा. काकूंना शेड कार्डावर तो सापडत नाही यात नवल नाही.

पण तुमच्या भिंतीवर आधीच पुट्टी आणि इमल्शन आहे. त्यावर चुना धरणार नाही, भुकटी होऊन कपड्यांना लागेल. मोह झाला तरी करू नका.

---

नेकारची_थंडी | ३० सप्टेंबर, दुपारी ३:५०

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. इथे घर सोडताना भाडेकरूने भिंती रंगवून द्यायची जुनी पद्धत आहे, करारात तसं कलमही पुष्कळदा असतं. त्यामुळे रंगारी न बोलावता आम्ही तीन घरं स्वतः रंगवली. उत्तरेच्या खोलीचा अनुभव सांगते.

पहिल्या घरात उत्तरेच्या बेडरूमला मी करडा-निळा दिला होता. ऑक्टोबरपर्यंत सुंदर होता. नोव्हेंबरात आभाळ भरलं ते भरलंच, आणि खोलीला ओल आल्यासारखी वाटायला लागली. जानेवारीत मी तिथे बसणंच सोडलं. दोष निळ्याचा नव्हता, त्यातल्या करड्याचा होता. दुसऱ्या घरात तसाच फिका, पण किंचित जांभळाकडे झुकणारा स्वच्छ निळा दिला, तो हिवाळ्यातही चालला. पुण्याचा उजेड इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही निळ्याला भिऊ नका, त्यात मिसळलेल्या काळ्याला भ्या.

दुसरं म्हणजे कार्डावरच्या चौकोनावरून कधीच ठरवू नका. दोन फुटी पुठ्ठा घ्या, पांढरा प्रायमर द्या, छोट्या नमुना-डब्यातून दोन हात मारा आणि पुठ्ठा खोलीभर फिरवा. भिंतीवरच ठिपका मारला तर मागचा बदामी डोळ्यांना फसवतो. पुठ्ठ्याला कडेने चार बोटं पांढरं सोडा.

---

सांजदिवा_७ | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ७:१०

नेकारची_थंडी, करड्याचं अगदी खरं. वरचं सगळं वाचून माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता असं वाटतं. कुठली भिंत निळी, हे मी विचारलंच नव्हतं.

---

घोडी_आणि_ब्रश | १ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

कुठली भिंत, याला माझ्याकडे उत्तर आहे. खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेड थेट पडतो तो दक्षिणेच्या भिंतीवर. खुद्द खिडकीच्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही, तीच खोलीतली सर्वांत काळी. गिऱ्हाईक नेहमी खिडकीची भिंत गडद करायला सांगतं आणि मग म्हणतं, खोली बसली. निळा द्यायचा तर दक्षिणेला.

पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ थोडं ऊनही येतं. बाकी वर्षभर बहुतेक आभाळाचाच उजेड, सारखा आणि थंड. तीन भिंतींना म्हणून अगदी पांढराशुभ्र देऊ नका, तो तिथे निळसर पडेल. साईचा पांढरा द्या, थोडी पिवळी माती असलेला.

आणि दिव्याचं बघा. खोलीत ट्यूब ६५०० केल्व्हिनची, म्हणजे थंड निळसर पांढऱ्या उजेडाची असेल तर दुकानातला रंग घरी वेगळाच दिसणार. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागतात, हे मी रोज बघतो. आधी दिवा बदला, मग पुठ्ठे लावा.

---

रंगारी_नको | १ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

भिंतींना चकचकीत लस्टर द्या. म्हातारी माणसं भिंतीला डोकं टेकून बसतात, तेलाचे डाग पडतात. ओल्या फडक्याने निघतात.

---

चष्म्याचा_नंबर | १ ऑक्टोबर, दुपारी २:३०

रंगारी_नको, डागांचं बरोबर आहे, पण चकाकीला माझा ठाम विरोध. नव्या भिंगाच्या डोळ्याला पहिले काही महिने चकाकीचा त्रास होतो, आणि म्हाताऱ्या डोळ्याला तर तो असतोच. खिडकीचं प्रतिबिंब भिंतीत पडलं की नजर तिथेच अडकते. धुता येणारं मॅट इमल्शन मिळतं. ते घ्या.

---

घोडी_आणि_ब्रश | १ ऑक्टोबर, रात्री ९:४५

धुता येणारं मॅट, मीही हेच म्हणतो. लस्टर भिंतीचा प्रत्येक खड्डा दाखवतो. पलंगाच्या उशाला हवी तर लाकडी फळी बसवा.

---

नेकारची_थंडी | २ ऑक्टोबर, रात्री १२:२०

इथे डब्यावर ओल्या घासणीची प्रत १ ते ५ अशी छापलेली असते, १ सर्वांत टिकाऊ. आमचा मॅट रंग पहिल्या प्रतीचा आहे आणि मुलांचे हात सहा वर्षं सोसतोय. मॅट म्हणजे कच्चा हा समज जुन्या डिस्टेंपरमुळे आला असावा.

---

अबोलीचा_गजरा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:००

पुढची बातमी. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगालाच थेंब आले. प्लंबरने शोधलं: भिंतीतल्या गरम पाण्याच्या जोडातून बारीक झिरपत होतं, आणि फरशीचे सांधे कोपऱ्यात पोकळ झाले होते. दोन्ही दुरुस्त झाले. कमरेपर्यंत गिलावा काढलाय आणि विटा उघड्या आहेत. पंखा लावून खोली बंद. आई माझ्या खोलीत झोपते.

डाव्या डोळ्याची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. डॉक्टरांनी घरातलं घासकाम नंतर निदान सहा आठवडे नको म्हणून सांगितलं. मुहूर्त जानेवारीचा.

---

अबोलीचा_गजरा | ११ जानेवारी, दुपारी ४:१५

आईचे दोन्ही डोळे आता छान आहेत. तिने स्वतः दूरदर्शनवरच्या खालच्या पट्ट्या वाचून दाखवल्या.

आधी खोलीतली ट्यूब काढून ४००० केल्व्हिनचे दोन दिवे लावले. मग पाच पुठ्ठे केले. दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवायचे, आईने खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सांगायचं, मी वहीत लिहायचं. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री दिव्यात. चार दिवस केलं.

पहिल्या दिवशी दोन गेले: एक सकाळी हिरवट पडला, एक रात्री सिमेंटसारखा. दुसऱ्या दिवशी तिसरा गेला, "हा शाळेच्या गणवेशाचा." राहिलेल्या दोघांत ती जांभळाकडे झुकणाऱ्यापाशी थांबली, पण म्हणाली, "हाच, पण पाण्यात घातलेला." दुकानदाराला विचारलं तर त्याने तीच शेड निम्म्या ताकदीत बनवून दिली. यंत्राला तसं सांगता येतं, हे मला माहीत नव्हतं. त्याचा पुठ्ठा पाहिल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने मला कोनाड्यांच्या जागा सांगितल्या: इथे समई, इथे कंदील, आणि इथे माझ्या आईची फणेरपेटी. हातांनी हवेत दाखवत होती.

आता काम सुरू करायचं. भाऊ, माल किती आणि क्रम कसा ते सांगा.

---

घोडी_आणि_ब्रश | ११ जानेवारी, रात्री ८:३०

वाचून बरं वाटलं ताई. हिशोब मांडतो.

चार भिंती मिळून ४४ फूट घेर गुणिले साडेनऊ, ४१८ चौरस फूट. खिडकी आणि दोन दारं वजा केली की साधारण ३६४. त्यातली दक्षिणेची भिंत दार वगळून ९३. उरले २७१, अधिक छत १२०, म्हणजे ३९१. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे १०० ते १४० चौरस फूट जातं. साईचा पांढरा ४ लिटर. निळा एका लिटरात बसेल, पण काठावर, आणि नंतर बनवलेला डबा केसभर तरी वेगळा येतो. एक-एक लिटरचे दोन डबे एकाच वेळी बनवून घ्या आणि सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करा.

जुन्या रंगावर बोट घासा. पांढरी भुकटी आली तर तो थर खरवडावा लागेल. नाही आली तर नुसतं घासून, तडे भरून, पुट्टीचे ठिगळ आणि वर प्रायमर. पुट्टीचा थर दीड मिलिमीटरच्या वर नको. खड्डा खोल असेल तर आधी सिमेंटने भरा. पुट्टी कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवायची, घट्ट झाली म्हणून परत पाणी घालणाऱ्याला थांबवा.

क्रम: छत, भिंती, शेवटी दारं. पहिल्या हाताच्या आणि दुसऱ्या हाताच्या मधे निदान चार तास. रंगात पाणी किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, मापाने घाला. आमच्यातले काही जण बादलीत अंदाजाने ओततात, तिथेच रंग विरळ होतो आणि तिसरा हात लागतो.

चौकटींबद्दल एक गंभीर गोष्ट. इमारत १९८६ ची, म्हणजे खालचे ऑइल पेंटचे थर जुने. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ते कोरडं घासायचं नाही आणि जाळून तर मुळीच काढायचं नाही. वॉटर पेपर आणि पाणी, ओलंच घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, चिखल फडक्याने उचलायचा, झाडू मारायचा नाही. घरात लहान मूल असेल तर ते चार दिवस दुसरीकडे.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं चौकटी कोरड्या घासल्या, तोंडाला काही न बांधता. तेव्हा कोणी सांगितलं नाही. तुमच्या रंगाऱ्याला मास्क तुम्ही आणून द्या.

---

कातळफूल | १२ जानेवारी, सकाळी ९:२०

एक सुचवू? निळ्याचा दुसरा हात रोलरने सपाट न मारता रुंद ब्रशने आडवा-उभा मारायला सांगा, किंचित पातळ करून. चुन्याचा तो ढग पूर्ण येणार नाही, पण फराटे दिसतील.

---

घोडी_आणि_ब्रश | १२ जानेवारी, दुपारी १२:१०

येईल. मात्र भिंत एका दमात संपवायला हवी, एका माणसाने. मधे जेवायला उठला की जोड दिसतो.

---

अबोलीचा_गजरा | २ फेब्रुवारी, रात्री ९:५०

झाली खोली.

बाथरूमच्या भिंतीला नवा गिलावा नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात झाला होता, त्यामुळे तिला दोन महिने मिळाले. रंगवण्याआधी तिथे पुन्हा प्लास्टिक लावून पाहिलं, दोन दिवस कोरडं. छत आणि तीन भिंती साईच्या. दोन्ही चौकटी आणि बाथरूमचं दार गडद कॉफी. स्विचबोर्डाभोवती त्याच कॉफी रंगाची बोटभर पट्टी. चौकटी पाण्यानेच घासल्या. रंगारी काकांना मास्क दिले, पहिल्या दिवशी गळ्यात होते, दुसऱ्या दिवशी मी शिशाचं सांगितल्यावर तोंडावर आले आणि त्यांच्या मुलालाही त्यांनी लावायला लावला.

दक्षिणेच्या भिंतीचा दुसरा हात त्यांनी एकट्याने मारला, सकाळी नऊ ते साडेअकरा. फराटे ठेवायचे म्हटल्यावर आधी त्यांना ते पटेना. "लोक म्हणतील काम येत नाही." मग आई स्टूल घेऊन दारात बसली आणि त्यांना चुनकळीचं सांगत राहिली. त्यांचं गाव मेढ्याकडचं निघालं, वाईपासून जवळच. त्यांच्या आईनेही तसाच चुना दिलेला. पुढे मला काही सांगावं लागलं नाही.

सकाळी ती भिंत फिकी असते, जवळजवळ पांढरी. दुपारी निळी. दिवे लागल्यावर थोडी जांभळट. आईची खुर्ची आता खिडकीला पाठ करून भिंतीकडे तोंड करून आहे. मी विचारलं, "तो निळा आहे का?" म्हणाली, "तो थोडा हाताला लागायचा. हा लागत नाही. पण तोच."

दंडावरचा डाग गेलाय. रात्री बाथरूमचं दार तिला दिवा न लावता दिसतं म्हणते, तरी पायाशी छोटा दिवा ठेवलाच आहे.

---

चष्म्याचा_नंबर | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

पायाशी दिवा ठेवलात, फार चांगलं केलंत. तो पिवळसर उजेडाचा असू द्या, रात्री डोळ्यांवर येत नाही.

---

नेकारची_थंडी | ३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

उरलेला निळा जपून ठेवा. डब्यात अर्धी हवा राहिली तर साय धरते. छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि शेडचा क्रमांक लिहा. 'निम्मी ताकद' लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणालाच जुळवता येणार नाही.

---

अबोलीचा_गजरा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. चिठ्ठी आईने स्वतः लिहिली, चष्म्याशिवाय: क्रमांक, निम्मी ताकद, दक्षिणेची भिंत, माघ.